सहा वर्षांचं काम

नार्व्याला आमच्या घरी ते मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना एकच नेमका प्रश्न विचारला. शेत किती, काजूची झाडं किती, घरात माणसं किती, हे मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं. वडील म्हणाले, "तुमचं तिथलं काम किती वर्षांचं?"

"सहा," ते म्हणाले. "सहा वर्षांत गाडी जमिनीखालून धावायला लागेल. मग मी गोव्यात काहीतरी बघेन, नाहीतर हिला तिकडे नेईन."

मी आतून ऐकत होते. मला उत्तर आवडलं. आकडा सांगणारा माणूस मला तेव्हाही आवडायचा. मी डिचोलीच्या सर्व्हे ऑफिसात कारकून होते. मोजणीचे अर्ज घ्यायचे, तारखा लावायच्या, नकाशांच्या नकला द्यायच्या. ते दूरच्या एका मोठ्या शहरात, भुयारी रेल्वेची आखणी करणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. म्हणजे दोघांचंही पोट नकाशांवर. मी जमिनीवरचं मोजते आणि ते जमिनीखालचं, असं ते लग्नानंतर सगळ्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मी नोकरी सोडून त्यांच्याबरोबर जावं, हा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. आमच्याकडे बाईने नवरा सोडला तर लोक कारण विचारतात. सरकारी नोकरी सोडली तर डॉक्टरकडे नेतात. सहा वर्षं वेगळं राहायचं, मग एका घरात राहायचं, असं ठरलं. रेल्वे सत्तावीस वर्षांनी झाली. तिच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. दुसऱ्या गोष्टीचं काय झालं ते मी लिहिते.

लग्नानंतर मी पेडण्याला बदली मागून घेतली आणि कोरगावला सासरी राहायला आले. घरात सासूबाई आणि मी. हे वर्षातून दोनदा यायचे, चवथीला, म्हणजे गणपतीला, सात दिवस आणि मे महिन्यात दहा. येताना बायका सांगतात तशा साड्याबिड्या काही नाही, काखेत नकाशांची गुंडाळी असायची. रद्द झालेले नकाशे. कचेरीत ते जाळून टाकायचे किंवा रद्दीत द्यायचे, यांना ते बघवायचं नाही, म्हणून घरी आणायचे.

आणि रद्द तर दर वर्षी व्हायचे. पहिल्या वर्षी गाडी नदीच्या काठाने जाणार होती. दुसऱ्या वर्षी काठावर पाणी फार आहे असं निघालं, म्हणून ती जुन्या बाजाराखालून जायला लागली. तिसऱ्या वर्षी बाजारातल्या लोकांनी मोर्चा काढला, आमच्या इमारती खचतील म्हणून, आणि गाडी शाळांच्या मागून वळली. मग सरकार बदललं. नव्या लोकांना गाडी जमिनीखालून नको होती, खांबांवरून हवी होती. दीड वर्ष यांनी खांब काढले. मग परदेशातून कुणी सल्लागार आले आणि म्हणाले, खांबांना रस्त्यात जागा नाही, गाडी खालूनच हवी. हे पुन्हा खाली गेले.

संध्याकाळी फोन यायचा. सासूबाई खुर्चीतून विचारायच्या, "रेल्वे खंय पावली गो?"

"बाजाराखाल्यान जाता म्हणतात."

"गेल्या चवथीक न्हंयेकडेन होती मगे?"

"ती रद्द झाली."

"बरीच चलता म्हणाची तुझी रेल्वे. रुळ नसताना इतकी चलता, रुळ घातल्यार गोंयाक येतली."

आलेल्या नकाशांचा मी उपयोग केला. ते अमोनिया प्रिंट असत, उघडले की डोळ्यांतून पाणी यायचं असा वास. आठ दिवस वळचणीला टांगून ठेवले की वास जायचा. मग फडताळात अंथरायला, मुलगी झाली आणि शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या वह्यांना कव्हरं घालायला, भिंतीच्या फटीत कोंबायला. सासूबाई उन्हात सोलं सुकवायच्या ती खाली नकाशा घालून, वर जुनं लुगडं. कोकमाचा लाल डाग एकदा पडला की पडला. एका मे महिन्यात यांनी तो डाग बघितला आणि उकिडवं बसून कागदाला हात लावून म्हणाले, "आई, ह्या माझा सगळ्यांत मोठा स्टेशन."

"मगे बरा झाला," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या स्टेशनार काय तरी पावला. सोलां पावली."

ते हसले. पण तो कागद त्यांनी डागासकट घडी करून पेटीत ठेवला. त्या स्टेशनवर त्यांनी सात महिने काम केलं होतं, हे मला नंतर कळलं. मी विचारलं नव्हतं. माझ्या हातात त्या वेळी काढून टाकायच्या कोकमाच्या बिया होत्या.

मुलगी दुसरीत असताना तिने शाळेत निबंध लिहिला. माझे बाबा चवथीला येतात, सात दिवस राहतात, मग आम्ही त्यांना बसवर पोचवतो. बाईंनी तो वर्गात वाचला आणि सगळी मुलं हसली. एक मुलगा म्हणाला, हिच्या बापसाचं विसर्जन करतात. मुलगी घरी येऊन रडली नाही, मला फक्त विचारलं, "हसले कशाला? खरंच आहे ना?" मी म्हटलं, खरंच आहे. जेव.

आता क्वार्टरचं सांगते, कारण जे झालं ते तिथे झालं.

लग्नाच्या आठव्या वर्षी यांना कचेरीच्या वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. रेल्वे अजून कागदावरच होती, पण माणसं आठ वर्षं त्याच कागदांवर बसलेली, म्हणून त्यांना घरं द्यायचं ठरलं. यादीत यांचा नंबर लागला. फोनवर यांचा आवाज वेगळाच होता. खिडकीतून शाळा दिसते, नळाला दोन वेळा पाणी आहे, मुलीला चालत शाळेत जाता येईल. अट एकच. पंधरा दिवसांत कुटुंबाने येऊन राहायचं. माणूस तपासायला येणार होता, कारण लोक क्वार्टर घेऊन भाड्याने लावायचे.

मी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडे गेले. बिनपगारी दोन वर्षांची रजा मागितली. ते म्हणाले, "जा गो, नोकरी कुठे पळत नाही." इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. आठ वर्षं मी ते विचारायलाच गेले नव्हते.

हा मार्च महिना होता. कोरगावला मार्च म्हणजे काजू. आमच्या डोंगरीवर झाडं बरीच. बोंडू रोज पडतात, रोज पहाटे वेचावे लागतात, बी पिळून वेगळी करायची, बोंडू त्याच दिवशी फेणीच्या भट्टीला द्यायचे. एक दिवस चुकला तर कुजतात आणि जनावरं येतात. सासूबाईंचा गुडघा त्या वर्षी धरला होता. त्या इतकंच म्हणाल्या, "काजू कोण पुंजायतलो?"

आणि आमच्या गावात हा प्रश्न झाला की पुढे कुणी बोलत नाही. काजूत लग्नं धरत नाहीत. काजूत दात काढत नाहीत, गाल सुजला तरी लवंग धरून फिरतात. आमच्या पेडण्याच्या ऑफिसात अर्ज यायचे, हद्दीवरून भाऊ एकमेकांच्या डोक्यात दगड घालायला निघालेले, आणि खाली लिहिलेलं असायचं, मोजणी काजूनंतर करावी. आम्ही करायचो. तारीख मीच लावायची. कुणाचं काही बिघडलं नाही. जमीन कुठे जाते?

म्हणून मी फोनवर म्हटलं, "काजू संपांदेत, मगे येतंय."

ते म्हणाले, "बरा."

त्यांना विचित्र वाटलं नाही. तेही कोरगावचेच. मला विचित्र वाटलं नाही, सासूबाईंना नाही, शेजाऱ्यांना नाही. पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस, हे आम्हा कुणाच्या डोक्यात शिरलंच नाही. आपण आहोत, क्वार्टर आहे, मध्ये काजू आहे. काजू संपला की जायचं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी दोन ट्रंका, एक पिठाचा डबा आणि मुलगी घेऊन बसने शहरात उतरले. हे स्टँडवर आले होते. त्यांनी ट्रंकांना हात लावला नाही. नुसते उभे.

"काय झाला?"

"क्वार्टर गेला."

"कधी?"

"एप्रिलात. तपासूक इलो तेव्हा घरात कोण नाय. यादीतल्या फुडल्याक दिला."

"मगे फोनार सांगलात नाय कित्याक?"

ते मुलीकडे बघत होते. "सांगून काय करतलंस? काजू टाकून येतलंस?"

मी रागावले नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि ते त्यांना माझ्याआधी माहीत होतं. पण पुढे कित्येक वर्षं मी तो महिना मनात मोजत राहिले. त्यांना एप्रिलात कळलं होतं, मी मेमध्ये आले. तो मधला एक महिना रोज संध्याकाळी त्यांनी फोनवर मला विचारलं होतं, आज किती बोंडू पडले? आणि मी सांगत होते.

तिथे आम्ही चार दिवस राहिलो. ते ज्या खोलीत राहत तिथे आणखी तीन ड्राफ्ट्समन. त्यांनी आम्हाला खोली दिली आणि स्वतः कचेरीत झोपले. एकाने मुलीला रंगीत पेन्सिली दिल्या. माझ्या पिठाच्या डब्यातलं पीठ मी तिथेच ठेवून आले. ट्रंका परत आणल्या. सोमवारी ऑफिसात हजर झाले तेव्हा साहेब म्हणाले, "गेली नाहीस?" मी म्हटलं, "जाऊन आले." त्यांनी रजेचा अर्ज माझ्याच हातात दिला, फाड म्हणाले. मी फाडला.

पुढे क्वार्टर पुन्हा मिळालं नाही, कारण ती कचेरीच बंद झाली. दुसरी निघाली, तिचं नाव मोठं होतं, पण माणसं तीच. मग एकदम सगळं हललं. मंजुरी आली. पैसे आले. मोठी यंत्रं आली आणि जमीन खरंच उकरायला लागले. इतकी वर्षं ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्या माझ्या नवऱ्याला आता सगळे विचारायला लागले. कारण जुन्या विहिरी कुठे बुजवल्या आहेत, कुठल्या रस्त्याखाली जुना दगडी नाला आहे, कुठे खडक वर येतो आणि कुठे नुसता चिखल, हे सत्तावीस माणसांच्या कचेरीत यांच्या एकट्याच्या डोक्यात होतं. रद्द झालेले सगळे नकाशे त्यांनी काढले होते. त्यामुळे ते शहर त्यांना खालून पाठ होतं.

नोकरी सोडून घरी या, असं मी म्हटलं नाही. माणूस आनंदात असला की त्याचा आवाज फोनवर कळतो. त्यांचा आवाज त्या वर्षांत तसा होता. ते मला सांगायचे, आज बोगद्यात अमुक ठिकाणी पाणी लागलं, मी तीन महिन्यांआधी सांगितलेलं. मी सांगायचे, आज हद्दीच्या वादात एका म्हाताऱ्याने आमच्या माणसाची मोजणीची साखळी ओढून घेतली. दोघांनी आपापली बातमी सांगायची आणि फोन ठेवायचा. सासूबाई गेल्या तेव्हा ते आले, सगळं रीतीने केलं आणि तेराव्यानंतर गेले. मुलगी शिकली आणि पणजीला नोकरीला लागली, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते. चवथीला मग गणपतीवर फळांची माटोळी बांधायला हे आणि मी दोघंच. ते शिडीवर, मी खालून फळं द्यायची. आम्हाला ते छान जमायचं. वर्षातून एकदा.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्याआधी थोडे दिवस रेल्वे सुरू झाली होती. ते सामान घेऊन कायमचे कोरगावला आले.

मी तयारी केली होती. कमोड बसवून घेतला, कारण त्यांचे गुडघे आईसारखे. खिडकीपाशी टेबल. गादी नवी. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी भात, हुमण, सोलकढी वाढली. ते जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले. आठव्या दिवशी म्हणाले, "रातचो भात माका जड जाता. एक चपाती करशील?"

मी विचारलं, "कधीपासून?"

"झाली पंधरा वर्सां."

पंधरा वर्षं ते चवथीला येऊन रात्री भात खात होते आणि बोलत नव्हते. सात दिवसांसाठी कशाला सांगायचं? मी चपाती केली. सकाळी त्यांनी मला चहा करून दिला, चांगला, आलं घालून, दोन चमचे साखरेचा. मला साखर बंद होऊन सहा वर्षं झाली आहेत. मी तो चहा प्यायले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते इतके ओशाळले की मलाच वाईट वाटलं, मी म्हटलं, अर्धा चमचा चालेल. चालत नाही.

अशा गोष्टी दोघांकडूनही रोज निघत होत्या. मी डबे ठेवते त्या जागेवर ते ठेवत नसत. ते पाचला उठत, मी साडेपाचला. मधली तीस मिनिटं मी डोळे मिटून त्यांची पावलं ऐकायची. कूस बदलली की दुसऱ्याला जाग. कुणी भांडलं नाही. आम्ही एकमेकांशी फार चांगले वागत होतो, घरी पाहुणा आला की वागतात तसे, आणि दोघांनाही ते दिसत होतं.

गावातही तेच. बाजारात लोक त्यांना विचारायचे, "कधी परत?" ते म्हणायचे, "आता नाय." "अशें?" म्हणून लोक पुढे जायचे. आणि चार दिवसांनी तोच माणूस पुन्हा विचारायचा, "कधी परत?"

पंचायतीने त्यांना एक काम सांगितलं. वाड्यावरचं, म्हणजे आमच्या वस्तीतलं, पावसाचं पाणी शेतात नेणाऱ्या गटाराचा नकाशा. ते आठ दिवस फिरले. पट्टी, डंपी लेव्हल मागून आणली, उतार मोजले, मोठ्या कागदावर सुंदर नकाशा काढला. पर्याय अ, पर्याय ब, पर्याय क. प्रत्येकाचे फायदे-तोटे समासात. पंच म्हणाला, "काका, हे तीन कित्याक? उदक एकाच वाटेन वता."

सगळे हसले, हेही हसले. घरी आल्यावर मला सांगताना पुन्हा हसले. मग टेबलाशी जाऊन बसले आणि नकाशा पुन्हा उघडला.

सातव्या महिन्यात एकदा मी ऑफिसातून आले तर ते शीळ घालत होते. चपाती नको म्हणाले, भातच वाढ. चार दिवस तसेच. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "फोन कोणाचो इल्लो?"

ते दचकले. मग सांगितलं. शहरात दुसऱ्या मार्गाची आखणी सुरू होत होती. जुना माणूस हवा होता, जमीन ओळखणारा. कंत्राटावर.

"किती वर्सां?" मी विचारलं.

"दोन वर्सांचा काम आसा."

मला हसू आलं. त्यांनाही कळलं मी का हसले, तेही हसले, आणि हसता हसता थांबले. मग त्यांनी मला ते विचारलं जे लग्नापासून कधी विचारलं नव्हतं. ठरलेलं असायचं, कळवलेलं असायचं, विचारलेलं कधी नव्हतं.

"येतलंस?"

माझी नोकरी आता स्वेच्छेने सोडता येते, पेन्शनला धक्का लागत नाही. मुलगी मोठी. डोंगरीवरची झाडं आम्ही केव्हाच दुसऱ्याला करायला दिली आहेत. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. मी खूप शोधलं. चाळीस वेळा शोधलं असेल त्या दोन मिनिटांत, कारण एखादं सापडलं असतं तर बरं झालं असतं. मग जे होतं ते बोलले.

"माका तुमची सवय नाय," मी म्हटलं. "तुमका माझी नाय. हय सात महिने बघलंव. थंय काय येगळा होतला?"

त्यांनी समोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायले, सावकाश, तांब्या तोंडापुढे धरून. तांब्या खाली ठेवायच्या आत मी त्यांचा चेहरा बघितला होता. सुटल्यासारखा होता. मी नाही म्हणेन अशी त्यांना भीती नव्हती. हो म्हणेन अशी होती.

त्यांनाही माझ्याबद्दल तेच दिसलं असेल. मी त्यांना दोष देत नाही.

मी त्यांना शहरात पोचवायला गेले. खोली लावून द्यायला पाहिजे होती. पुरुष माणूस गॅसची नळी बदलत नाही आणि उशीला अभ्रा घालत नाही. भांडी मांडली, पडदे लावले, गोळ्यांचे डबे वार लिहून ठेवले. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, चल, गाडी दाखवतो.

सरकत्या जिन्याने खाली गेलो. खाली गार होतं आणि स्वच्छ होतं. डबा निम्मा भरलेला. लोक आपापल्या फोनमध्ये. हे माझ्या शेजारी उभे राहून हळू आवाजात सांगत होते, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं. आता डोक्यावर बाजार आहे. आता डावीकडे एक विहीर होती, तिच्यात चार दिवस काँक्रीट ओतलं तरी भरेना. आता वळण येईल, धर, हे वळण शाळेसाठी. काचेबाहेर नुसता काळोख होता. ते त्या काळोखाकडे असे बघत होते जसं कुणी आपल्या वाड्याकडे बसमधून बघतं, हे अमक्याचं घर, हे तमक्याचं. त्यांना इतकं घरी आल्यासारखं मी कोरगावला कधी बघितलं नव्हतं. मी "हं, हं" करत होते. अकरा मिनिटांत शेवटचं स्टेशन आलं.

माझी बस तिथूनच वर होती. बाहेर पडायच्या फाटकापाशी मी म्हटलं, "तुमी भायर येव नकात. परत तिकीट काढूक व्हया. हयसूनच परत जावा."

"बरा," ते म्हणाले. "पावल्यार फोन कर."

मी फाटकातून बाहेर आले. वळून बघितलं तेव्हा ते मान वर करून छताच्या कोपऱ्यात काहीतरी बघत होते. ओल असणार. मी वर गेले.

बसमध्ये मला झोप लागली. सकाळी म्हापशाला उतरले, पेडण्याची बस धरली, घरी येऊन अंघोळ करून थेट ऑफिसला गेले. तीन अर्ज आले होते, तारखा लावल्या. संध्याकाळी फोन झाला. त्यांच्या खोलीत पाणी येत होतं, माझ्याकडे लाइट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून मी पाव घ्यायला बाहेर गेले. रोजच्यासारखी पिशवी पुढे केली आणि रोजच्यासारखं "चार उंडे" म्हटलं. त्याने चार घातले. मी फाटकापर्यंत आले आणि तशीच उभी राहिले. एकटी असले की मी दोन घ्यायचे. सत्तावीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते. चवथ संपली की दुसऱ्या दिवशी आपोआप दोन कमी. या खेपेला तोंडातून चार गेलं होतं आणि ते चूक आहे हे पिशवी जड लागेपर्यंत मला कळलं नव्हतं.

पोदेर सायकलवर पाय टाकत होता. मी हाक मारली. "भाऊ, दोन परत घे."

"कित्याक गो? काकाक नाका आज?"

"काका गेले."

तो एकदम सायकलवरून उतरला. त्याचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं. "तसे नाय," मी म्हटलं. "कामार गेले."

"भियेयलंस माका," तो म्हणाला आणि दोन उंडे घेऊन पाटीत टाकले, वर निळं प्लास्टिक ओढलं. "मगे कधी येतले?"

"चवथीक," मी म्हटलं.

मी आत आले. चहा ठेवला, एक कप, बिनसाखरेचा. तो उकळून पातेल्यात आटला तरी मला उठून गॅस बंद करता आला नाही. त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून तब्येत लिहिलं.